सुटलं म्हणेपर्यंत

अगं तो नको, ठेव — ठेव खाली — तो वॉकीटॉकी कुणाला द्यायचा नाही. बस तू. ती खुर्ची नको, तिचा एक पाय लुळा आहे. विमानं बनवणाऱ्यांची संस्था आणि एक खुर्ची धड उभी राहत नाही, बघ. स्टुलावर बस. तर काय म्हणत होते मी — हां, काम. तुला आमच्या शाखेत काम करायचंय. अगं, कामांना काय तोटा! महिन्याच्या पहिल्या शनिवारी व्याख्यान असतं, त्याला माणूस लागतं. म्हणजे व्याख्याते मिळतात, ते बोलावल्याशिवायही येतात — माणूस लागतं ते वेळ संपली म्हणून सांगायला. एकदा माईक हातात आला की खाली उतरायचं नावच नाही. ते तू करशील, जरब आहे तुझ्या डोळ्यांत. नाहीतर शाळांमधून जायचं. कागदाचं ग्लायडर करून दाखवायचं, नाकाला टाचणी लावायची, की बरोब्बर सरळ जातं — पोरं आ करून बघतात. मग आपण गुरुत्वमध्य समजावायला लागलो की तीच पोरं जांभया देतात, ते मनावर घ्यायचं नाही. कॉलेजच्या मुलांच्या स्पर्धेला परीक्षक लागतात, कारखान्याच्या सहलीला कुणीतरी लागतं — तू तर इंजिनाच्या कारखान्यातच लागलीस ना नवीन? मग झालं तर. सहल घे तू, सोन्यासारखं काम आहे.

नाही, मैदानावरचं नको. का म्हणजे? ऊन असतं. नाही तसं टोपी घालता येते, पण — अगं, तुला अध्यक्षांनी पाठवलंय का? खरं सांग. वाटलंच. कालपासून माझ्याशी गोड बोलतायत. माणूस गोड बोलायला लागला की समजावं, पाणी कुठेतरी मुरतंय. काय सांगितलं त्यांनी? की ही म्हातारी प्रत्येकात खुसपट काढते? काढते मी. पहिला आला त्याला सूर्याकडे तोंड केलं की शिंका यायच्या. दुसरीचं तोंड एक मिनिट बंद नाही — आता हसू नकोस, मी बोलते ते इथे खोलीत, मैदानावर माझ्या तोंडून एका शब्दापलीकडे ऐकशील तर शपथ. तिसरा गॉगल लावून आला. गॉगल! नजर लावायच्या कामाला. आणि तुझ्यात अजून काही सापडलं नाही, पण बघते मी.

काम काय ते सांगते, सांगायला काय जातंय. सांगितलं म्हणजे दिलं असं नाही हं. शाळेतल्या मुलांची रॉकेटं असतात — पुठ्ठ्याची नळी, पातळ लाकडाचे पंख, बोटाएवढी मोटार, आत घडी घातलेली छत्री. वर जातात झकास, येताना मात्र वारा नेईल तिथे येतात. मैदानापलीकडे ते गवत दिसतंय? कमरेच्या वर आहे. त्यात पडलेलं पुठ्ठ्याचं रॉकेट शोधून दाखव मला. म्हणून आम्ही दोन नजरवाले उभे करतो — शब्द आमचाच, घरगुती — एक इथे पायऱ्यांवर, एक पार तिकडे, पाण्याच्या टाकीपाशी. रॉकेट उडालं की दोघांनी नजर लावायची आणि वॉकीटॉकीवर म्हणत राहायचं, दिसतंय, दिसतंय, दिसतंय — खाली येईपर्यंत. डोळा चोळायचा नाही, नाकावर माशी बसली तर बसू द्यायची. पडलं की हात ताणून तिकडे धरायचा आणि हलायचं नाही. इथून माझा हात, तिथून त्यांचा, दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे रॉकेट. चालत जायचं आणि उचलून आणायचं. एकाच्या नजरेने नुसती दिशा कळते गं. दिशा धरून जा चालत, पृथ्वी गोल आहे, फिरून इथेच येशील. जागा कळायला दोघं लागतात.

आणि ढगात शिरलं, उन्हात गेलं, दिसेनासं झालं — तर लाजायचं नाही, तिथल्या तिथे म्हणायचं, सुटलं. म्हणजे माझ्या नजरेतून सुटलं, आता तू सांभाळ. म्हणून आमच्याकडे रॉकेट सुटलं असं कुणी म्हणत नाही, रॉकेट उडालं म्हणायचं. सुटलं हा शब्द राखून ठेवलाय. नवीन माणूस आनंदाने ओरडतो, सुटलं सुटलं, आणि इकडे आमची त्रेधा. आणि नियम असा की समोरचा सुटलं म्हणेपर्यंत त्याला दिसतंय असंच धरायचं. मध्येच वॉकीटॉकी खरखरला, आवाज आला नाही, तरी. गप्प झाला म्हणजे सुटलं, असं आपण आपल्या मनाने ठरवायचं नाही. हा नियम ह्यांनी आणला, रडारवरून. आमचे हे रडारवर होते ना, चाचणीच्या मैदानावर. आणि मी कंपनाच्या प्रयोगशाळेत, पंख गदागदा हलवायचा आणि कधी तुटतो ते पाहायचं. लग्नात सगळे चिडवायचे, एक हलवून सोडणारी आणि एक नुसता बघत बसणारा. आणि ते खरंच होतं, हे बघतच बसायचे. चष्म्याच्या काचा ह्या एवढ्या जाड, पण आकाशातलं काही सुटलं नाही कधी. संस्थेत सगळे घारकाका म्हणायचे. घरी मात्र समोरच्या फडताळातली साखर सापडायची नाही — अहो तिथेच आहे, तिथेच, डोळ्यांसमोर — कुठे गं, कुठे — असं रोज.

टाकीपाशी तेच उभे राहायचे. मी इथे, ते तिथे. अगं, आमचा संसार झाला तो असाच झाला, मधे सगळं मैदान आणि कानाशी एकच शब्द. पोरंबाळं नाहीत आम्हाला. लोकांची पोरं रविवारी यायची, ती पुरली. नाही, पुरली असं नाही म्हणवत, पण असू दे.

रविवारी पुन्हा आहेत रॉकेटं. अध्यक्षांनी सांगून टाकलंय, दुसरा नजरवाला मिळाला नाही तर उडवायची नाहीत, मुलांना हॉलमध्ये बसवून फिल्म दाखवायची. फिल्म! वर्षभर ज्यांनी पुठ्ठे चिकटवले, त्यांना. आणि चूक त्यांचीही नाही, मी अध्यक्ष असते तर मीही तेच म्हटलं असतं. मागच्या खेपेला मीच हट्ट केला की मी एकटी पुरेशी आहे. एका मुलीचं रॉकेट होतं, पिवळं, पंखांवर आईच्या भरतकामात असतं ना तसं फूल काढलेलं. मी शेवटपर्यंत पाहिलं, हात धरला, हलले नाही. सगळी पोरं त्या रेषेत गेली, गवत तुडवत पार कुंपणापर्यंत, आणि हात हलवत परत. ती मुलगी आली माझ्यापाशी. रडली नाही गं, रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आजी, तुम्ही दाखवत होतात ते बरोबर होतं ना? बरोबर होतं, बाळा. अगदी बरोबर होतं. पण एकच होतं.

हो, तो वॉकीटॉकी ह्यांचाच. तू आल्या आल्या उचललास तो. रोज चार्जिंगला लावते मी. वापरत कुणी नाही, पण बॅटरी मरू द्यायची नाही. वेडेपणा आहे, मला कळत नाही का? चांगली शिकलेली बाई आहे मी. कळून काय उपयोग, संध्याकाळ झाली की हात आपोआप तिकडे जातो.

आता ऐकतेस तर ऐक. हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी ह्यांना बोलायला त्रास व्हायचा. म्हणून आम्ही तोच एक शब्द ठेवला होता. मी उठून खिडकीपाशी गेले, नर्सशी बोलायला दारापाशी गेले, की मागून आवाज, दिसतेस. चेष्टा हं, नुसती चेष्टा. मी म्हणायची, अहो, मी काय रॉकेट आहे? तर पुन्हा, दिसतेस. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा हसायचे. एका दुपारी मी उशीचा अभ्रा बदलत होते. पाठ होती माझी. ते म्हणाले, दिसतेस. मी म्हटलं, हो हो, ऐकलं. पुन्हा म्हणाले, दिसतेस. मग मी अभ्रा चढवला, टोकं नीट केली, वळले, आणि — नाही. मग नाही म्हणाले काही. डोळे उघडेच होते, माझ्याकडेच होते.

पण सुटलं, असं नाही म्हणाले ते. कळतंय का तुला मी काय म्हणते ते? तो माणूस जन्मात कधी न सांगता गप्प झाला नाही. वादळात उभा राहून, घसा बसलेला असताना त्या माणसाने सुटलं म्हणून कळवलंय मला, की मी भलत्या भरवशावर राहू नये. आणि त्या दिवशी नाही म्हटलं. मग मी काय धरायचं? नियमाप्रमाणे काय धरायचं, तूच सांग. इंजिनियर आहेस ना?

आणि लोक यायचे घरी भेटायला. पायरीपासूनच सुरू — सुटले हो, सुटले बिचारे. फार हाल झाले, सुटले एकदाचे. माझे दीर तेच, शेजारीण तेच, हे अध्यक्ष माझा हात हातात घेऊन तेच. चांगल्या मनाने म्हणतात गं, आपल्याकडे म्हणतातच तसं. पण मला एकेकाला दाराबाहेर काढावंसं वाटायचं. अरे, तुम्ही कोण सांगणारे सुटलं म्हणून? टाकीपाशी तुम्ही होतात का? ज्याने म्हणायचं त्याने म्हटलं नाही आणि गावभर सगळे म्हणतायत! शेजारणीला तर मी म्हटलं, सुटले असतील ते, मी नाही सुटले. तिला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. फिरलंही असेल. स्वयंपाक करताना अजून पाठ करायला भीती वाटते मला. भिंतीला पाठ लावून भाजी चिरते. इतकी आठवण येते, इतकी येते की — जाऊ दे. तुझं लग्न झालंय? नाही? मग कशाला सांगतेय मी तुला हे सगळं. व्याख्यानाचं काम घे तू. खरंच, चांगलं काम आहे.

काय म्हणालीस? पिवळं रॉकेट कुणाचं ते — तुला कशाला हवंय? रविवारी येणार आहे ती. नवीन केलंय तिने, परवाच दाखवायला आली होती. पुन्हा पिवळंच. दुसरं फूल काढलंय, आधीच्यापेक्षा वाईट आलंय, पण मी छान म्हटलं.

पुढे हो जरा. प्रकाशाकडे तोंड कर. शिंक नाही आली? अजून बघ. हं. डोळे चांगले आहेत तुझे, मेलीत काही खोट सापडेना.

घे.

अगं घे म्हणते ना, तोच घे, चार्ज आहे. माझा माझ्याकडे आहे. उजव्या बाजूचं बटण दाबून धरायचं आणि मग बोलायचं, बोलून झालं की सोडायचं. जा टाकीपाशी. धावू नकोस, खड्डे आहेत, मधल्या पायवाटेने जा. माझा विचार बदलायच्या आत जा.

हॅलो. हॅलो, ऐकू येतंय का? हात वर कर. हां. अजून पुढे, टाकीच्या सावलीतून बाहेर ये, सावलीतून बघू नये. तिथे जमिनीत एक वीट रुतवलेली सापडेल तुला, जरा माती बाजूला कर पायाने — सापडली? त्यांनीच ठेवली होती, दर वेळी तीच जागा हवी म्हणून. तिच्यावर उभी राहा. दोन्ही पाय. माझ्याकडे तोंड कर. आता म्हण, कसं म्हणायचं ते.

काय?

काय म्हणालीस? — नाही गं. मला नाही म्हणायचं. काकू, तुम्ही दिसताय, असं नाही म्हणत कुणी, रॉकेटला म्हणायचं ते, दिसतंय म्हणायचं — थांब. काही नाही. मी खाली बसलेय पायरीवर, म्हणून दिसत नसेन. काही झालं नाही मला, तू जागा सोडू नकोस. नजरवाल्याने जागा सोडायची नसते.

पुन्हा म्हण. हां, आता बरोबर. छान आवाज येतोय. रविवारी लवकर ये, मुलं फार आधी येऊन बसतात.

आता दुसरा शब्द. दोन्ही शब्द साफ ऐकू यायला हवेत, नाहीतर आयत्या वेळी घोटाळा होतो. चाचणी करूनच घ्यावी लागते ही. म्हण.

अगं म्हण. गप्प नको बसूस तू. मी सांगतेय ना, म्हण. कुजबुजू नकोस, मोठ्याने. तिथून म्हणायचं असतं तसं.

हं.

ऐकू आलं. स्पष्ट ऐकू आलं.

तिथेच थांब थोडा वेळ, इतक्यात इकडे येऊ नकोस. मी बंद करतेय माझा.