शनीचा चांदा

मंडळी, बसून घ्या. मागं उभे आहेत त्याहिनंही बसा, सतरंजी अजून पुढे रिकामी आहे. गोंदियावरून बाईचे भाऊ अन् भावजया आल्या, त्याहिले पंख्याखाली जागा द्या.

हेडमास्तर बोलले, सरपंच बोलल्या. चांगलं बोलले. मले तसं बोलता येत नाही. मी चौतीस वर्षं पटवारी होतो. पटवाऱ्याले मोजता येते, नकाशा काढता येते, अन् दोन्हीकडच्या शिव्या खाता येतात. भाषण त्याच्या कामात बसत नाही. मले रडताही येत नाही, तर ते कोणी मनावर घेऊ नका. घरी जशी बोलतो तशीच बोली बोलन, अन् जे झालं ते एकामागून एक सांगन.

मेश्राम बाई मंगळवारी सकाळी गेल्या. हार्ट. बालाघाटच्या दवाखान्यात न्याले गाडी आली तोवर संपलं होतं. बुधवारी त्याहिची माती झाली. अन् गुरुवारी, मंडळी, चार जण लोखंडी सबल घेऊन बाईच्या दारात आले. कशाले? तर दारासमोरचा शनीचा दगड उपटाले. म्हणे, दारात शनी बसवला, शनीनं बाई नेली. मी शेजारी माझ्या ओट्यावरून उतरलो अन् म्हणलं, शोकसभा होऊ द्या, मंग पाहू. ते चौघं इथंच बसले आहेत. मी नाव घेत नाही. म्हणून आज मले बोलणं भाग आहे.

बाहेरच्या पाव्हण्याहिसाठी आधी दगडाचं सांगतो.

बाई या शाळेत विज्ञान शिकवत. पुस्तकात सूर्य अन् सगळे ग्रह एका पानावर, खेटून खेटून, पंगतीले बसल्यासारखे. बाईले ते पटत नव्हतं. एक दिवस माझ्या ओट्यावर आल्या अन् म्हणल्या, "पटवारी भाऊ, तुमची जरीब आहे का अजून?" जरीब म्हणजे आमची मोजाची साखळी, वीस मीटरची. मी म्हणलं, "आहे. कोणाचं शेत मोजाचं आहे?" तर म्हणे, "सूर्याचं."

मले वाटलं बाई थट्टा करून राह्यल्या. पण नाही. कागद घेऊन आल्या होत्या. सूर्य फुटबॉलाएवढा धरला, तर पृथ्वी केवढी? मोहरीच्या दाण्याएवढी. अन् फुटबॉलापासून किती दूर? एक जरीब अन् वर साडेतीन मीटर. तेहतीस पावलं. मी म्हणलं, "एवढी दूर? एवढीशी?" बाई म्हणल्या, "हौ. अन् त्या मोहरीवर तुमची सगळी तहसील आहे."

मंग आम्ही दोघांनी कटंगी रोडवर पूर्ण सूर्यमाला मोजली. शाळेच्या फाटकावर सिमेंटचा पिवळा गोळा दिसते ना, तो सूर्य. तिथून तेरा पावलांवर बुध, खसखशीचा दाणा. चोवीस पावलांवर शुक्र, मोहरी. बुध जवळ असूनही शुक्रच जास्त तापते, बाई सांगत, काहून का त्याच्या अंगावर हवेची एवढी जाड गोधडी आहे का आलेली गरमी बाहेर जातच नाही. अन् फिरते पण उलटा. तेहतीसवर आपण. एक्कावनवर मंगळ, राजगिऱ्याचा दाणा, हँडपंपाजवळ. त्याची माती गंजलेल्या लोखंडासारखी लाल. मंग किराणा दुकानासमोर गुरू, मोठा आवळा. पुढे शनी, सुपारी, भोवती बारीक तारेचं कडं. राईस मिलजवळ युरेनस, एक वाटाणा, तो कुशीवर लोळत चालते. अन् शेवटी तलावाच्या पाळीवर नेपच्यून, दुसरा वाटाणा. इथं मध्य प्रदेशात पोट्टे हिंदीत शिकतात, त्याहिच्यासाठी ते अरुण अन् वरुण. हजार पावलं होतात तिथवर. वरुणले सूर्याभोवती एक फेरी माराले एकशे पासष्ट वर्षं लागतात. बाई म्हणत, "या गावात कोणीच त्याचा एक वाढदिवस पाहत नाही."

दाणे काचेखाली ठेवले होते तरी मुंग्या खात. दर जूनमध्ये बाई डब्यातून नवे ग्रह आणून बसवत.

प्रत्येक ग्रहाच्या ठिकाणावर दगड मी बसवले. आम्ही पटवारी लोक सीमेच्या पक्क्या दगडाले चांदा म्हणतो. बाईले तो शब्द आवडला. म्हणल्या, "म्हणजे तुम्ही आधीपासूनच आभाळात काम करून राह्यले होते." अन् चांदा हलवणं गुन्हा आहे, हे इथल्या शेतकऱ्याहिले मी सांगाची गरज नाही. जन्मभर मी तुम्हाले त्याच्यावरून दटावलं. याच्यासाठी एकाची कॉलर पण धरली होती. तो बसला आहे तिकडे, हसून राह्यला.

आता ऐका, मी काय केलं ते.

गुरूपर्यंत सगळं सुरळीत झालं. शनीले मोजलं, अकरा जरीब अन् चार मीटर. साखळीचं टोक कुठं आलं? माझ्या दारात. फाटकाच्या बरोबर समोर. बाई म्हणल्या, "वा, शनी तर तुमच्याकडेच पाव्हणा आला." मीही हसलो. दगड गाडला. दुपार झाली होती, बाई घरी गेल्या.

त्याच आठवड्यात माझ्या लताले पाहाले तुमसरवरून पाव्हणे येणार होते. दोन जागा आधी मोडल्या होत्या. लताची आई बाहेर आली, दगडावर लिहिलेलं नाव वाचलं, अन् तिथंच खाली बसली. "पाव्हणे येऊन राह्यले अन् तुम्ही दारात शनी गाडला? पोरीच्या लग्नाआधी? तुमची अक्कल कुठी गेली?" मी समजावलं का ती सुपारी आहे. ती म्हणे, "सुपारी आहे तर आत ठेवा, पानात खाऊ."

मी वाद घातला नाही. तिच्यावर ढकलूही नाही राह्यलो. खरं सांगतो, मलेही भेव वाटलं होतं. चौतीस वर्षं नकाशे काढले, अन् एका सुपारीले भेलो.

दिवस मावळायच्या आत मी तो चांदा उपटला अन् बारा मीटर पुढे नेऊन गाडला. पुढे कोणाचं दार आहे? बाईचं. आमची भिंत संपते अन् त्याहिची सुरू होते. मी काय विचार केला माहीत आहे? बाई बौद्ध. त्याहिच्या घरी शनी, मंगळ, साडेसाती कोणी मानत नाही. ज्याले भेव नाही त्याच्या दारात ठेवला तर बिघडलं काय? आज हे मोठ्यानं बोलून राह्यलो, अन् कसं ऐकू येते ते मलेच समजून राह्यलं.

लताचं लगन जमलं. सुखात आहे. शनीमुळे जमलं नाही अन् शनीमुळे मोडलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी बाई सायकलवरून निघाल्या. दगडाजवळ थांबल्या. माझ्या फाटकाकडे पाह्यलं. मी पेपर तोंडासमोर धरला. मंग बाई शाळेत निघून गेल्या. मी समजलो, त्याहिच्या ध्यानात नाही आलं.

मंग दर वर्षी सातवीचे पोट्टे पावलं मोजत यायचे. एका वर्षी माझ्या फाटकासमोर एक पोट्टी थांबली अन् म्हणाली, "मैडमजी, यहाँ तक तीन सौ इक्कीस हो गए. शनि तो सत्रह कदम आगे है. गलत लगा है क्या?" मी ओट्यावर होतो. माझा चहा बशीत सांडला. बाई शांतपणे म्हणल्या, "गलत नहीं है, बेटा. शनीची वाट अगदी गोल नसते, जराक लांबोडी असते. कधी तो सूर्याच्या जवळ येतो, कधी दूर जातो. आजकल दूर है."

मी म्हणलं, चला, बाईनं खोटं बोलून मले वाचवलं.

मंडळी, ते खोटं नव्हतं. हे मले आत्ता दोन महिन्यांपूर्वी समजलं.

दोन महिन्यांपूर्वी बाई ओट्यावर चहाले आल्या. रिटायर झाल्या तरी जूनमध्ये दाणे बदलाले त्याच येत. बसल्या अन् म्हणल्या, "पटवारी भाऊ, आला बरं तो तुमच्या दाराशी."

"कोण?"

"शनी. वरचा. ज्या वर्षी तुम्ही दगड हलवला, त्या वर्षी खरंच तो सूर्यापासून सगळ्यात दूर होता. आपण मोजलं ते त्याचं सरासरी अंतर, त्याच्यापेक्षा आपल्या मापानं बरोबर बारा मीटर पुढे. तुम्ही नेमका तिथंच नेऊन ठेवला. म्हणून मी बोलली नाही. तेव्हापासून हळूहळू जवळ येऊन राह्यला. यंदा तो तुमच्या फाटकासमोर आहे."

मी विचारलं, "तुम्हाले पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"पटवारी भाऊ, सतरा पावलं मी रोज चालते."

"मंग रागावल्या काहून नाही?"

बाईनं चहाचा घोट घेतला. मंग म्हणल्या, "राग आला होता. तुम्ही मले विचारलं असतं तर मी हौ म्हणली असती. लता माझ्या वर्गात होती. तुम्ही विचारलं नाही, याचा राग आला होता." कप खाली ठेवला. "आता परत आणा. पोट्ट्याहिले दाखवता येईन का ग्रह चालतात."

मी म्हणलं, "पाऊस उघडू द्या, मंग आणतो."

पाऊस उघडला. मी आणला नाही. उद्या करतो, परवा करतो. मंगळवार आला.

आता हिशेब जुळवून पाहा. शनीले सूर्याभोवती एक फेरी माराले साडेएकोणतीस वर्षं लागतात. म्हणून तर त्याचं नाव शनैश्चर, हळूहळू चालणारा. बाई सांगत, तो पाण्यापेक्षा हलका आहे, तेवढा मोठा तलाव भेटला तर तरंगन. अन् आपण म्हणतो डोक्यावर बसला का जड होते. त्यानं बाईचं काय बिघडवलं? दगड तिथं ठेवून साडेसात वर्षं झाली. मोजा तुम्ही. ही साडेसाती कोणाची होती? बाई तर दाणे बदलत हिंडत होत्या. तोंडासमोर पेपर धरून मी बसलो होतो.

बाईले शनीनं नेलं नाही. बाईच्या दारात शनीनं पाय ठेवला नाही. तिथं एका भेकड पटवाऱ्यानं चांदा सरकवला होता. ज्याले कोणाले बोल लावाचा असन त्यानं मले लावा. मले शरम वाटते. त्याहिच्या जित्तेपणी हे बोलाचं होतं, अन् मी त्याहिच्या फोटोसमोर बोलून राह्यलो, याची जास्त वाटते.

काल जेवताना मी लताच्या आईले म्हणलं, "उद्या सभेत सगळं सांगणार आहे. अन् दगड परत आपल्या दारात आणणार आहे." मले वाटलं आता ताट आपटन. ती बसली आहे तिथं, बाईच्या भावजयीजवळ. विचारा तिले काय म्हणली ते. म्हणली, "आणा. अन् जूनमध्ये सुपारी बदलाची असते ना? ती मी बदलन."

तर उद्या सकाळी आठ वाजता मी जरीब घेऊन शाळेच्या फाटकावर उभा राहीन. सातवीचे पोट्टे-पोट्ट्या येतील. सूर्यापासून मोजू, सगळ्यासमोर, अकरा जरीब अन् चार मीटर. ज्या चौघांनी सबल आणली होती, त्याहिले माझं सांगणं आहे का सबल घेऊन या. आधी बाईच्या दारातला दगड काढाले लागन, मंग माझ्या दारात खड्डा खोदाले लागन. जमीन कडक आहे तिथं. अन् पुढे जसजसा तो वर आभाळात सरकन, तसतसा आम्ही इथं खाली दगड सरकवू. मी नसलो तर हे पोट्टे सरकवतील. माप त्याहिले येते.

बाई, तुमचा चांदा जागेवर येईन. उशीर माझा आहे.

आता आपण उभं राहून मौन पाळू. घड्याळ पाहू नका. मनात तेहतीस पावलं चाला, सूर्यापासून आपल्या मोहरीपर्यंत. बाई पोट्ट्याहिले चालवत तसं, हळू, एक एक. जो पोचला त्यानं खाली बसावं, बाकीच्याहिसाठी थांबावं.

मी पण मोजतो. या वेळी सरकवणार नाही.

उठा.