निळी शाल

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या बाकावर बाप-लेक बसले होते. चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसरसाठी लेकीच्या डोळ्यांत थेंब घातले होते आणि तिचा जाड चष्मा मांडीवर होता.

"घाबरलीस?"

"छे हो, बाबा. नुसतं हिरव्या दिव्याकडे बघायचं. डोळा हलला तर लेसर मागोमाग जातो, फारच भटकला तर आपोआप थांबतो."

"मग तोंड का उतरलंय?"

"आई गेल्यापासून मी मुद्दाम चष्मा काढते. लांबची माणसं विरघळतात, आणि निळी शाल घेतलेली कुठलीही बाई आईच वाटते. चष्मा लावेपर्यंत ती माझ्याकडे चालत येत असते."

"म्हणून बसस्टॉपवर सारखी काचा पुसत असतेस होय!"

"आता सगळं लख्ख दिसणार. बाबा, राहू दे का?"

"वेडाबाई, आयुष्यभर धुक्यात राहणार आहेस? जा, बोलावतायत. तो चष्मा ठेव माझ्याकडे."

"तुमची नजर तर चांगली आहे."

"म्हणूनच तर. चांगल्या डोळ्यांना तो लावला की सगळं धूसर दिसतं."

ती आत गेली. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि ते बराच वेळ बाहेरच्या दाराकडे पाहत राहिले.

"जरा सरकता का?" ते मला म्हणाले. "हिची आई येतेय."