आक्कानं घर शुद्ध केलं ते असं

गोमूत्र शिंपडावं तर आमच्या आक्कानं! आक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण. लढाईच्या साली आमच्या गावी, टाकव्याला, माझा धाकटा भाऊ झाला, तेव्हा आई बाळंतपणात अडली होती. डोंगरावरच्या वाडीतून भागी ठाकरीण पळत आली आणि तिनं दोघांनाही वाचवलं. ती उंबऱ्याबाहेर पडते न पडते तोच आजोबा आक्काला म्हणाले, "घर बाटलं. जितं जितं तिचा हात लागलाय, तितं तितं गोमूत्र शिंपड."

"बरं," म्हणून आक्कानं गोमूत्राचा तांब्या उचलला. बाज नाही, चूल नाही, ती सरळ आजोबांपुढं आली आणि अख्खा तांब्या त्यांच्या उजव्या पायावर ओतला.

"आगं, ह्ये काय गं?"

"गेल्या साली तुजा मोडलेला पाय कुनी बसवला? तिनंच न्हवं? मग सुरवात हितनंच."

 आजोबा त्याच ओल्या पायानं अंगण ओलांडून वाडीच्या वाटेवर गेले आणि ओरडले, "भागे, माघारी फिर! च्या पिऊन जा. आन् बाहेर न्हाई, चुलीपाशी बसून!"