बस बाई

आम्ही मूळचे उरणचे. बाबा मुंबईच्या गोदीत सुतार होते, ठोकळे मांडायचे. म्हणजे सुकी गोदी असते ना, तिच्यात पाणी भरून जहाज आत घेतात, दार लावतात, पाणी उपसतात, आणि जहाज तळाशी मांडलेल्या ठोकळ्यांवर टेकतं, मग त्याच्या पोटाखाली जाऊन माणसं काम करतात. जहाज टेकायला आलं की बाबा म्हणायचे, बस बाई, बस. घरी पाहुणी आल्यासारखं. तीच सवय मला लागली, आणि ती घेऊनच मी सिंगापूरला आलो.

इथल्या गोदीत मी काठावर फोरमन, पंपावर बिहारचे मिश्राजी, मध्ये वॉकीटॉकी, बोलणं हिंदीत. दोन हजार चौदा साली एक तेलाचं जहाज आत घेतलं. मागची बाजू टेकली, पुढची अजून तरंगत होती. काय सांगू तुम्हाला, हीच वेळ वाईट, जहाज धड पाण्यात नाही, धड ठोकळ्यांवर नाही. माझ्या तोंडून निघालं, बस बाई, बस. बटण दाबलेलं होतं. मिश्राजींना ऐकू आलं नुसतं बस, हिंदीतलं, म्हणजे पुरे. त्यांनी पंप बंद केले.

एकदम शांत झालं. वारा आडवा होता, जहाजाचं नाक सरकायला लागलं. ठोकळ्यांची ओळ सोडून टेकलं असतं तर कलंडलंच असतं, आणि वर खलाशी होते. मी ओरडलो, डावा दोर खेचो, खेचो. डॉकमास्तर टॅनसाहेब विचारतायत, हू से स्टॉप? मिश्राजी म्हणाले, आप ही तो बोले. मी म्हटलं, अरे, आपको नहीं, जहाज को बोला. दोरानं नाक ओळीत आणलं, पंप चालू केले आणि बसली एकदाची, सरळ.

नंतर टॅनसाहेबांनी विचारलं, बस म्हणजे काय. म्हटलं, सिट डाऊन. कोणाला? शिपला. ते हसले नाहीत. म्हणाले, शिपशी बोल, पण बटण सोडून बोल ला. इथं वाक्याच्या शेवटी सगळे असं ला लावतात.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी जहाज टेकत होतं, मी तोंड मिटून उभा, तर शेजारी टॅनसाहेबच पुटपुटले, बस बाई. बटण सोडून.

आता इथंच सिंगापुरात, हौगांगच्या फ्लॅटमध्ये असतो. गुडघे गेले, तरी येरझाऱ्या चालूच. मुलगी म्हणते, पप्पा, सिट डाऊन ला. बायको म्हणते, बसा हो आता. इतकी जहाजं माझं ऐकून बसली, सगळी सुखरूप असोत, मग मला बसायला काय झालं.