तळघरातली ऊब

खिडकी लावू नकोस! राहू दे ती उघडी. — ठाऊक आहे मला बाहेर बर्फ पडतोय, डोळे आहेत अजून शाबूत. तू बॉयलर तपासायला आलायस ना ट्रॅव्हिस, मग बॉयलर तपास, खिडक्यांचं काय करायचंय तुला? — हो, बाकीच्याही उघड्याच आहेत. भर फेब्रुवारीत. हसायला काय झालं? शेजारच्या हार्यूबाईनंच धाडलं ना तुला? माझ्या छपरावरचा बर्फ वितळतो आणि तिच्या दारात सुळके लोंबतात म्हणून! पोस्टमनच्या टोपीत एक घुसला तर गावभर बोंब मारली बाईनं. टोपीत घुसला, डोक्यात नाही.

हं, आता सांग परत. शंभर भाग इंधन जाळलं की आमचा हा म्हातारा बॉयलर साठ भागांची ऊब घराला देतो आणि चाळीस भागांची धुराड्यातून आभाळाला. बरं. म्हणजे आभाळालाही मीच पोसतेय. आणि नवा? पंच्याण्णव? अरे बापरे, एवढा चिक्कू! धूरसुद्धा इतका गार करून सोडतो की धुराड्याची प्लास्टिकची नळीही वितळत नाही — म्हणजे धुरालाही पिळून काढतो म्हण की. माझी सासू अशीच होती. — आणि अंगानं तापत नाही म्हणतोस? हात लावला तरी गार? मग तळघर कशानं तापणार? — कोण राहतं तळघरात म्हणून काय विचारतोस, आत्ताच तर खाली जाऊन आलास! माणूस दिसला नाही का? तो रेइनो. माझा नवरा.

भांडलो आम्ही. पास्टीवरून. — अरे, पारीत खिमा भरून भाजतात ती पास्टी, दुसरी कुठली! माझ्या बहिणीनं तिच्यात गाजर घातलं — गाजर! आमच्याकडे पास्टीत शलगमच पडतं, हे कुत्र्यालाही कळतं — आणि हा गृहस्थ चारचौघांत म्हणाला, 'गाजरानं जरा गोडी येते.' मी म्हटलं, एवढी गोडी लागली असेल तर जा तिच्याकडे राहायला. तर तिच्याकडे नाही गेला, उशी घेतली नि तळघरात गेला. मला वाटलं, दोन दिवसांत येईल वर. हिवाळ्यामागून हिवाळे गेले, ट्रॅव्हिस. जेवण मी जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवते, ताट धुऊन परत येतं. बोलणं नाही. — एकटं वाटतं का? तू बॉयलरवाला आहेस का पाद्री? — वाटतं. वाटणारच ना. टेबलाशी समोर कुणी नसलं की घास उतरत नाही माझा.

आता बघ, त्याच्या गुडघ्यांना गारठा सोसत नाही, आणि तळघराच्या भिंती दगडी. तिथे वरच्या खोल्यांसारखा भिंतीला ऊब देणारा रेडिएटर नाही, काही नाही — या बॉयलरच्या अंगातून जी काय ऊब गळते तेवढीच. म्हणून मी वर तापमानाचा काटा चढवून ठेवते, पार टोकाला. बॉयलर धडधडत राहिला की खाली उबदार. मग वर माझा जीव उकडतो, म्हणून खिडक्या. आलं डोक्यात? तुम्ही लोक त्याला गळती म्हणता, पण आमचा संसारच त्या गळतीवर चाललाय. तेव्हा तुझा तो पंच्याण्णववाला कृपा करून परत घेऊन जा.

काय? — काय म्हणालास? तळघराचीही खिडकी उघडी? बनियनवर बसलाय? घामानं निथळतोय? मग काटा उतरव म्हणून ओरडायला काय झालं होतं मेल्याला! — तुला सांगितलं? काय सांगितलं? जसंच्या तसं सांग, आपल्या पदरचं घालू नकोस. — 'वर लेम्पीला थंडी वाजत असणार, नाहीतर ती एवढा कशाला पेटवून ठेवेल? जुना आहे, मध्येच बंद पडला तर गारठेल बिचारी, म्हणून बसतो राखण करत.' — असं म्हणाला? मला लेम्पी म्हणाला? नाव घेऊन? — मी रडत नाहीये, घाम आहे तो. बिचारी म्हणे!

बंद कर तो बॉयलर. — नव्याचं नंतर बघू, आधी हा बंद कर. जिन्याच्या तोंडाशी लाल बटण आहे, दाब. — अगंबाई! किती शांत झालं घर. — ऐकलंस? जिना वाजतोय. इतक्यात गारठला? छे, तळघर तर अजून भट्टीसारखं असेल, मग कशाला… अरे, मी गारठेन म्हणून येतोय तो! उचल, सामान उचल तुझं. बूट बाहेर जाऊन घाल. परका माणूस दिसला तर अर्ध्यातूनच परत फिरेल, लाजरा आहे फार. — थांब, ती लोकरीची शाल दे आधी. आणि ते ब्लँकेट. मी काकडल्यासारखी दिसायला नको का? कपाळावरचा घाम पुसला गेला का, बघ. — जा आता. जा म्हटलं ना! — कोण? रेइनो? ये ना, ये. हुडहुडी भरलीय बघ मला.