गाठ डोलीची नव्हती

सरपंचताई, पाड्यावरच्या आयाबायांनो, भावांनो, आणि सोनीवहिनी,

देवजीच्या शोकसभेत मला बोलायला उभं करू नका, असं मी सरपंचताईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "देवजीदादाला तुमच्याइतकं कोण ओळखतं? दोन शब्द तुम्हीच बोला." दोन शब्दांत माझं होणार नाही, ताई. आणि सगळं ऐकल्यावर तुम्हालाच वाटेल, या माणसाला कशाला उभं केलं. तरी बोलतो. मध्ये थांबलो तर जरा वेळ द्या.

तुम्ही सगळे मला डॉक्टर म्हणता. मी डॉक्टर नाही. उपकेंद्रातला आरोग्यसेवक आहे. तापाचं रक्त घेतो, गोळ्या वाटतो, पाण्यात औषध टाकतो. पण इतक्या वर्षांत मी एकदाही म्हटलं नाही, की बाबांनो, मला डॉक्टर म्हणू नका. आवडायचं मला ते.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्या पाड्यापर्यंत गाडी येत नाही. माणूस पडला, बाई अडली, की बांबूला गोधडी बांधायची, त्यात पेशंटला निजवायचं आणि ओढा उतरून, चढण चढून डांबरी रस्त्यावरच्या जीपपर्यंत खांद्यावरून न्यायचं. ही आपली डोली. आणि डोली म्हटली की पुढच्या टोकाला देवजी. मिसरूड फुटल्यापासून पुढच्या टोकाला देवजीच. इथे बसलेल्यांपैकी किती जणांना त्याने नेलं? हात वर करू नका. मला माहीत आहेत.

तर देवजीच्या उजव्या खांद्यावर गाठ आली.

पहिल्यांदा त्याने दाखवली तेव्हा लिंबाएवढी होती. म्हणाला, "डॉक्टर, दुखत नाय, पन वाढते. मोखाड्याला दाखवू का कुनाला?" मी बोटांनी दाबून पाहिली. आणि म्हणालो, "अरे, डोलीची गाठ आहे ही. बांबूचा घट्टा पडलाय. तेल लाव."

भावांनो, घट्टा कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला हवं का? कोयता धरणारे हात आहेत तुमचे. घट्टा कातडीचा असतो, वरचेवर, टणक. ही गाठ कातडीच्या खाली होती, आत मांसात. वरची कातडी तिच्यावरून सरकत होती. माझ्या बोटांना ते कळलं होतं. बोटांना कळलं आणि तोंडाने दुसरंच सांगितलं.

का सांगितलं? आमच्या तपासणीच्या फॉर्मात तोंडाचं विचारतात, बायकांच्या छातीचं विचारतात, खांद्याचा रकाना नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. ते खोटं आहे. खरं कारण ऐका. देवजी दवाखान्याच्या फेऱ्यांत अडकला, तर माझे पेशंट रस्त्यापर्यंत कोण नेणार, हे माझ्या मनात आलं होतं. त्याच क्षणी आलं होतं.

आणि तेवढ्यावर मी थांबलो नाही. याच पटांगणात झेंडावंदनाला मी त्याचा सत्कार केला. आठवतं ना? त्याच खांद्यावर शाल घातली. म्हणालो, "ही गाठ नाही, हे देवजीचं मेडल आहे." तुम्ही टाळ्या वाजवल्या. वरचे साहेब आले, की मी त्याला बोलावून घ्यायचो. सदऱ्याची गुंडी सोडायला लावायचो. हे बघा साहेब, आमच्याकडे रस्ता नाही त्याचा पुरावा. साहेब फोटो काढायचे. देवजी खाली मान घालून उभा राहायचा. दोन वर्षं. लिंबाची गाठ आंब्याएवढी झाली आणि मी फोटो काढू देत होतो.

मग भातकापणीत त्याच्या हातातून विळा पडला. पुन्हा पडला. बोटं बधिर झाली होती. तेव्हा कुठे मी त्याला जव्हारला नेलं, तिथून नाशिकला. तिथल्या डॉक्टरबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी गाठ पाहिली आणि विचारलं, "किती दिवसांची आहे?"

देवजीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "आत्ताची. चार महिने झालं आसतील."

माझ्यासाठी खोटं बोलला तो. आणि मी? मी त्या खोलीतल्या पंख्याकडे बघत बसलो.

गाठीतला तुकडा सुईने काढून तपासला. सार्कोमा निघाला. हाही कॅन्सरच, पण क्वचित होणारा. मांस, चरबी, नसा, हाडं, यांतून उठणारा. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून माणूस फसतो. बाई म्हणाल्या, लवकर आला असतात तर बहुतेक नुसती गाठ आजूबाजूच्या मांसासकट काढता आली असती. आता हात खांद्यापासून काढावा लागेल. देवजी म्हणाला, "काडा." एवढंच. पण मुंबईला मोठ्या दवाखान्यात फोटो काढले, तर आजार फुप्फुसात गेलेला. मग हात काढून उपयोग नव्हता. सलाइनमधून औषधं दिली. केस गेले, तोंड आलं, भाकरीचा वास सहन होईना. वहिनी त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या लावायच्या, घास भरवायच्या. डोली घेऊन न थांबता चढण चढणारा माणूस, उंबऱ्यापासून अंगणापर्यंत गेला तरी खोकायचा. हे तुम्ही पाहिलंय. मी जास्त सांगत नाही.

पण एक गोष्ट तुम्ही पाहिलेली नाही. नाशिकला देवजीने बाईंना विचारलं होतं, "डोलीनं झाला काय ह्यो?" बाई म्हणाल्या, "नाही. ओझ्याने हा आजार होत नाही. कशामुळे झाला ते बहुतेक वेळा आम्हालाही सांगता येत नाही." परत येताना एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता.  घाट संपल्यावर म्हणाला, "डॉक्टर, तेवढं पाड्यावर सांग. डोलीनं नाय झाला म्हनून सांग. नायतर उद्या बांबूला खांदा कोन देनार?"

मी हो म्हणालो.

आणि सांगितलं नाही. आठ महिने. तो अंथरुणात विचारायचा, "सांगितलं का रे?" मी म्हणायचो, सांगतो. कारण डोलीने झाला नाही असं म्हटलं, की तुम्ही विचारणार, मग डोलीची गाठ म्हणून सांगितलं कोणी? तेल लाव म्हणालं कोण? मला त्या प्रश्नाची भीती वाटली. तो मेला तरी माझी भीती गेली नाही.

मागच्या आठवड्यात आपल्या पाड्यावरची मुलगी अडली. डोली बांधून तयार होती. पाच-सहा जवान गडी उभे होते आणि एकही पुढे होईना. कोणीतरी हळूच म्हणालं, "देवजीदादाला डोलीनंच खाल्लं." मी तिथेच होतो. सांगायची याहून दुसरी वेळ कोणती? मी तोंड उघडलं नाही. उलट सांगतो तुम्हाला, लाज वाटते सांगायला, मला सगळं माहीत असून माझा हात माझ्याच खांद्यावर गेला. चाचपून पाहिलं मी.

सोनीवहिनी घरातून आल्या. नवऱ्याला जाऊन पाच दिवस झाले होते. त्यांनी काही विचारलं नाही. पदर खोचला आणि पुढच्या टोकाला खांदा दिला. मग बायका धावल्या, मग गडी. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. त्यात माझं काही नाही.

वहिनी, तुमच्याकडे माफी मागायला माझं तोंड नाही. मागत नाही. राग धरा, तो तुमचा हक्क आहे.

बाकीच्यांना सांगतो. ज्याच्या अंगावर गाठ आहे, वाढतेय किंवा लिंबाएवढी झालीय किंवा आत रुतल्यासारखी आहे, दुखो अथवा न दुखो, त्याने तेल चोळत बसू नये. कोणाकडून चिरूनही घेऊ नये. सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते माझ्या बोटांनी ठरवायचं नाही. आधी तपासणी. मी बरोबर येईन. आणि तिथे कोणी विचारलं किती दिवसांची, तर खरं सांगा. मला वाचवू नका.

आता उठू या. दोन मिनिटं शांत उभे राहू. पण त्याआधी मला एकदा मोठ्याने बोलू द्या, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे.

देवजीला झालेला आजार डोलीने झाला नव्हता. ती डोलीची गाठ, हे माझे शब्द होते आणि ते खोटे होते. बांबूला खांदा द्यायला कोणी घाबरू नका.

देवजी, सांगितलं रे. उशिरा सांगितलं. राम राम.