हातातून जाळ निघणारा देव

हसणार नसाल तर सांगते. आमच्या यांची चाकणची फाउंड्री बंद पडली, तेव्हा मी सोळा सोमवार धरले. काळेवाडीतल्या खोलीत आमचे देव आणि ओमच्या वह्या एकाच फळीवर. शेवटच्या सोमवारी पूजेला बसले, तर महादेवाशेजारी नवंच चित्र दिसलं. डोक्याभोवती ज्वाळा, दोन्ही तळव्यांतून जाळ. वाटलं, यांनीच कुठून तरी आणलं असेल. हळदीकुंकू वाहिलं, चुरम्याचा नैवेद्य दाखवला आणि "भट्टी पेटू दे रे बाबा" म्हणून डोकं टेकलं.

तेवढ्यात ओम क्लासवरून आला. "आई! हा मी काढतोय त्या कॉमिकचा सुपरहिरो आहे! दहावीतला मुलगा आहे तो, त्याला कुंकू?"

"अगं बाई! मग हा करतो तरी काय?"

"हातांनी लोखंड वितळवतो." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पहिल्याच पानावर बाबांची भट्टी पेटवतो."

मी कुंकू पुसायला पदर घेतला. भिंतीकडे तोंड करून पडलेले हे तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "राहू दे गं. या घरातला तो एकटाच कामावर आहे."